वाटणी झाली, वहिवाटीचे काय?

एकत्र कुटुंबाची वाटणी झाली म्हणजे तंटा मिटला, असे दिवाणी न्यायालयाची पायरी एकदा तरी चढलेला कोणताही गृहस्थ म्हणणार नाही. जमीन, घर, दागदागिने, भांडीकुंडी ह्यांची याद होते, पंचांसमक्ष वाटणीपत्रावर सह्या होतात, आणि त्यानंतर खरा प्रश्न उभा राहतो. धाकट्याच्या वाट्यास आलेल्या शेतात गाडी न्यावयाची ती कोणाच्या बांधावरून? विहिरीचे पाणी यावयाचे तो पाट कोणाच्या रानातून? थोरल्याने मनात आणिले तर तो बांधावर काटे टाकील, पाटास माती लावील, आणि धाकट्याचे पीक डोळ्यांदेखत वाळेल. वाटणीपत्राने धाकटा मालक झाला खरा, पण वहिवाटीने तो थोरल्याचा मिंधाच राहिला. राष्ट्रांच्या वाटणीतही हाच न्याय लागू पडतो, आणि त्याचे आपल्या काळातील सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे सोव्हिएत संघातून निघालेली पंधरा राष्ट्रे होत.

ह्या वाटणीचा इतिहास थोडक्यात असा. १९९१ च्या ८ डिसेंबर रोजी बेलारूसमधील बेलोवेझच्या अरण्यात रशियाचे येल्त्सिन, युक्रेनचे क्रावचुक व बेलारूसचे शुश्केविच ह्या तिघांनी सोव्हिएत संघ संपुष्टात आल्याच्या कागदावर सह्या केल्या. २१ डिसेंबरास आल्मा-आता येथे अकरा प्रजासत्ताकांनी त्यास पुष्टी दिली, आणि २५ डिसेंबरास गोर्बाचेव्ह ह्यांनी अध्यक्षपद सोडिले. बाल्टिक समुद्रकाठची एस्टोनिया, लाटव्हिया व लिथुआनिया ही तीन राष्ट्रे त्याच वर्षी सप्टेंबरात वेगळी निघाली होती. संघाची परदेशांतील मालमत्ता, वकिलातीच्या इमारती, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा मंडळातील कायमची जागा व तिच्याबरोबरचा नकाराधिकार हे सर्व थोरल्याने, म्हणजे रशियाने, आपल्याकडे घेतले, व त्याबरोबर परदेशी कर्जाचा भारही उचलला. भारताचे देणेही संघाच्या नावावरून रशियाच्या नावावर गेले, व १९९३ साली त्याच्या फेडीचा करार मॉस्कोशी झाला, हे आमच्या जुन्या निर्यातदार वाचकांस आठवत असेल.

येथवर सर्व ठीक झाले. परंतु सत्तर वर्षांत त्या घराची बांधणी अशी झाली होती की, प्रत्येक आगगाडीचा रूळ, प्रत्येक तेलाचा नळ, विजेची प्रत्येक मोठी तार मॉस्कोच्या दिशेने धावत होती. कझाकस्तानचे तेल समुद्रास मिळावयाचे तर रशियाच्या भूमीवरून. तुर्कमेनिस्तानचा वायू गिऱ्हाइकास पोहोचावयाचा तर रशियाच्या नळातून. लिथुआनियाच्या घरातील दिवा लागावयाचा तर ज्या विद्युत्-जाळ्याची किल्ली मॉस्कोस फिरते त्यातून. नव्या राष्ट्रांस झेंडा मिळाला, राष्ट्रगीत मिळाले, संयुक्त राष्ट्रांत खुर्ची मिळाली. वहिवाट मात्र थोरल्याच्या अंगणातूनच राहिली. त्यानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत ह्या राष्ट्रांनी जे परराष्ट्रीय राजकारण केले, त्यातील बहुतेक सर्व ह्या एका गोष्टीभोवती फिरते, असे आमचे मत आहे.

कोणी म्हणेल की, दूरदेशींच्या ह्या भाऊबंदकीशी आम्हांस काय कर्तव्य? त्यास आमचे उत्तर असे की, २०२२ च्या वसंतऋतूत ज्याने वाण्याकडून सूर्यफुलाच्या तेलाचा डबा आणिला, त्यास हे कर्तव्य काय ते कळून चुकले आहे. हिंदुस्थानात खपणारे हे तेल बहुतेक परदेशातून येते, आणि युद्धापूर्वी त्याचा सर्वांत मोठा वाटा युक्रेनचा होता. त्याच फेब्रुवारी-मार्चात युक्रेनमधून वीस हजारांहून अधिक भारतीय नागरिकांस परत आणावे लागले; त्यांत वैद्यक शिकण्यास गेलेले विद्यार्थी पुष्कळ होते, व महाराष्ट्रातील कित्येक घरांत त्या दिवसांत चूल नीट पेटली नाही. आजही आमचे मुलगे व मुली जॉर्जिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान येथे शिकत आहेत. ज्या गावांची नावे आमच्या आजोबांनी ऐकिली नव्हती, त्या गावांतील शांततेत आमच्या घरांची ठेव गुंतली आहे. म्हणून ह्या विषयाचा विचार आमच्या व्यापारी व सुशिक्षित वाचकांनी स्वस्थ चित्ताने करावा, अशी आमची विनंती आहे.

ज्यांनी ही वहिवाट प्रथम बदलिली त्यांपासून आरंभ करू. बाल्टिक राष्ट्रे तिन्ही मिळून लोकसंख्येने आमच्या एखाद्या महानगराएवढीही नाहीत. १९९० साली लिथुआनियाने स्वातंत्र्य पुकारताच मॉस्कोने तिचे तेल तोडून पाहिले होते. तो धडा ती विसरली नाही. १९९३ साली लिथुआनियातून व १९९४ च्या ऑगस्टअखेर लाटव्हिया व एस्टोनियातून रशियन फौजा निघून गेल्या. २००४ साली तिन्ही राष्ट्रे उत्तर अटलांटिक करार संघटनेत व युरोपीय संघात दाखल झाली. एवढ्यावर ती थांबली असती तर वाटणीपत्रावर एक जास्तीची सही, इतकाच त्याचा अर्थ झाला असता. परंतु २०१४ साली लिथुआनियाने क्लायपेडा बंदरात द्रवरूप वायू उतरविणारे तरते जहाज आणून नांगरले, आणि त्यास 'इंडिपेंडन्स' म्हणजे 'स्वातंत्र्य' हे नाव दिले. पुढे २०२५ च्या फेब्रुवारीत तिन्ही राष्ट्रांनी आपल्या विजेच्या तारा रशियाच्या जाळ्यातून सोडवून युरोपच्या जाळ्यास जोडिल्या. स्वातंत्र्याच्या घोषणेपासून स्वतःच्या दिव्यापर्यंत पोहोचण्यास पस्तीस वर्षे लागली! राजकीय स्वातंत्र्य एका रात्रीत जाहीर करिता येते, व्यवहारातील स्वातंत्र्य पै-पै साठवून मिळवावे लागते, ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

ह्या तिन्ही राष्ट्रांचे सर्वच वर्तन वाखाणण्याजोगे आहे असे मात्र नाही. लाटव्हिया व एस्टोनिया ह्यांनी आपल्या देशात सोव्हिएत अमदानीत येऊन राहिलेल्या रशियन भाषकांस सरसकट नागरिकत्व दिले नाही. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास एकट्या लाटव्हियात असे सुमारे सात लाख लोक होते. त्यांस त्या राज्यात घर होते, कर भरण्याचे कर्तव्य होते, पण मताचा हक्क नव्हता. भाषेची व इतिहासाची परीक्षा देऊन पुष्कळांनी पुढे नागरिकत्व मिळविले, आणि २०२० पासून अशा आईबापांच्या नवजात मुलांस लाटव्हियाने ते आपण होऊन देण्यास आरंभ केला. हे पाऊल पंचवीस वर्षे आधी पडले असते तर बरे झाले असते. शेजारच्या बलाढ्य राज्याला 'आमच्या माणसांवर अन्याय होतो' असे म्हणावयास जागा देणे, हे नीतीच्या दृष्टीने वाईटच, पण धोरणाच्या दृष्टीनेही आपल्याच भिंतीला आपण भोक पाडण्यासारखे आहे.

आता दुसऱ्या टोकास बेलारूस पाहा. ह्या राष्ट्राने थोरल्याशी गोडीगुलाबीने राहण्याचा मार्ग पत्करिला. स्वस्त वायू, स्वस्त तेल, रशियाची खुली बाजारपेठ ह्यांच्या आधारावर लुकाशेंको ह्यांनी १९९४ पासून आपली सत्ता चालविली, व १९९९ साली रशियाशी 'संघराज्या'चा करार केला. स्वस्ताईची किंमत हप्त्याहप्त्याने वसूल झाली. देशातील वायुवाहिन्यांची मालक असलेली सरकारी कंपनी २००७ पासून अर्धी, आणि २०११ साली संपूर्ण, रशियाच्या गाझप्रॉम कंपनीच्या हाती गेली. २०२० साली निवडणुकीच्या निकालाविरुद्ध लक्षावधी लोक रस्त्यावर आले, तेव्हा स्वतःच्या प्रजेचा विश्वास गमावलेल्या सत्ताधीशास मॉस्कोखेरीज आधार उरला नाही. आणि २०२२ च्या फेब्रुवारीत त्याच्याच भूमीवरून रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरल्या. ज्या सावकाराने व्याज कधी मागितले नाही त्याने अखेरीस घरच मागितले, असे आमच्या खेड्यांतून ऐकू येते. येथे ते एका राष्ट्राच्या बाबतीत घडले.

युक्रेनची कथा सर्वांत करुण आहे, आणि तिच्यात दोन्ही पक्षांस शिकण्यासारखे आहे. संघ मोडला तेव्हा त्या देशात सुमारे एकोणीसशे दूर पल्ल्याची अण्वस्त्रे होती. संख्येने तो जगातील तिसरा साठा होता. ती सर्व रशियाच्या स्वाधीन करण्याचे युक्रेनने मान्य केले, आणि त्या बदल्यात १९९४ च्या ५ डिसेंबरास बुडापेस्ट येथे रशिया, अमेरिका व ब्रिटन ह्यांनी त्याच्या सीमांचा मान राखण्याचे लेखी आश्वासन दिले. आमच्या व्यापारी वाचकांनी येथे शब्दाकडे लक्ष द्यावे. तो कागद आश्वासनाचा होता, हमीचा नव्हता. हुंडी होती, पण जामीन नव्हता. २०१४ साली रशियाने क्रायमिया घेतला आणि २०२२ च्या २४ फेब्रुवारीस सर्व बाजूंनी चढाई केली, तेव्हा ती हुंडी सर्वांच्या देखत परत आली. सही करणाऱ्यानेच चढाई करावी ही विश्वासघाताची परिसीमा होय. त्या कृत्याचे समर्थन कोणत्याही सबबीने होऊ शकत नाही, असे आम्ही निःसंदिग्धपणे म्हणतो.

तथापि चढाईपूर्वीच्या वीस वर्षांत काय झाले, हेही पाहिले पाहिजे. युरोपास जाणारा रशियाचा वायू बहुतांशी युक्रेनच्या नळांतून जात असे, आणि युक्रेनही तोच वायू कमी दराने घेत असे. २००६ च्या व पुन्हा २००९ च्या जानेवारीत दराच्या भांडणावरून नळ बंद झाला. दुसऱ्या खेपेस तर सुमारे दोन आठवडे आग्नेय युरोपातील कित्येक शहरे थंडीने कुडकुडली. २०१० साली युक्रेनच्या तत्कालीन सरकारने वायूच्या दरात सूट मिळविण्यासाठी सेव्हास्तोपोल बंदरातील रशियन आरमाराची मुदत २०१७ वरून २०४२ पर्यंत वाढवून दिली. चार वर्षांनी त्याच बंदराचा परिसर रशियाने खालसा केला. चालू महिन्याचे बिल भागविण्यासाठी जो आपल्या वाड्याचा दरवाजा गहाण टाकितो, त्याने पुढे दार उघडे का राहिले म्हणून आश्चर्य करू नये. युक्रेनच्या सामान्य जनतेने पुढे जे धैर्य दाखविले, त्यापुढे आम्ही मस्तक नमवितो. पण त्या जनतेस असे धैर्य दाखविण्याची पाळी ज्यांच्या धनलोभाने व ढिलाईने लवकर आली, त्या घरच्या पुढाऱ्यांस व धनिकांस इतिहास निर्दोष सोडणार नाही.

येथे आम्हांस एका मताचा समाचार घ्यावयाचा आहे, कारण ते आमच्याकडील सुशिक्षितांतही पसरले आहे. ते मत असे की, 'लहान राष्ट्राने आपल्या शेजारच्या बलाढ्य राष्ट्राच्या कलाने वागावे. मांजराने वाघाशी बरोबरी करू नये. बळी तो कान पिळी, हाच जगाचा कायदा आहे.' हे मत व्यवहारी वाटते, परंतु व्यवहाराच्या कसोटीस ते उतरत नाही. आर्मेनियाचे उदाहरण घ्या. कलाने वागण्यात त्या राष्ट्राची बरोबरी करणारे थोडे. मॉस्कोच्या सामुदायिक संरक्षणाच्या करारात ते आरंभापासून होते. ग्युम्री येथे रशियाचा लष्करी तळ त्याने २०४४ पर्यंत मान्य केला. आगगाड्या चालविण्याचा मक्ता व वायूचे नळ रशियन कंपन्यांच्या हाती दिले. २०१३ साली युरोपीय संघाशी ठरत आलेला करार एका दिवसात बाजूस ठेविला. ह्या सर्व निष्ठेचे फळ काय मिळाले? २०२० च्या चव्वेचाळीस दिवसांच्या युद्धात ते एकटे लढले व हरले. २०२२ साली खुद्द त्याच्या भूमीवर हल्ला झाला, तेव्हा सामुदायिक संरक्षणवाल्यांनी पाहणी करण्यास माणसे पाठविली. २०२३ च्या सप्टेंबरात नागोर्नो-काराबाख अझरबैजानच्या हाती गेले व एक लाखाहून अधिक आर्मेनियन माणसे काही दिवसांत घरदार सोडून निघाली. शांतिरक्षणासाठी ठेविलेले रशियन शिपाई तेथेच होते. २०२४ च्या आरंभी आर्मेनियाने त्या करारातील आपला सहभाग थांबविल्याचे जाहीर केले. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण येथे आठवते.

आर्मेनियाची चूक कोठे झाली? आमच्या मते, तिच्या चार शेजाऱ्यांपैकी तुर्कस्थान व अझरबैजान ह्या दोघांच्या सीमा तीस वर्षे बंद राहिल्या, ह्यात. शेजाऱ्यांशी तोडगा काढण्याचा खटाटोप करण्यापेक्षा दूरच्या रक्षकावर भार टाकणे तिला सोपे वाटले. काराबाखच्या युद्धात १९९४ साली जय मिळाला, तेव्हा काही देऊन काही पक्के करून घेण्याची वेळ होती. जयाच्या मदात ती वेळ गेली. पराजयानंतर, २०२५ च्या ऑगस्टात वॉशिंग्टन येथे, तीच बोलणी पुष्कळ अधिक किंमत देऊन करावी लागली. अझरबैजानने मात्र २००६ साली आपले तेल जॉर्जियामार्गे तुर्कस्थानच्या जेहान बंदरास नेणारा सतराशे किलोमीटरहून लांब नळ सुरू करून स्वतःची वहिवाट मोकळी करून घेतली होती. त्या पैशाने तिने शस्त्रे घेतली व त्यांचा उपयोग कसा केला, ह्याविषयी आमचे मन कलुषित आहे. परंतु दुसऱ्या रस्त्याचे सामर्थ्य काय असते, ते त्यावरून दिसते.

ह्याच्या उलट दुसरा भ्रम आहे, तो म्हणजे दूरच्या मित्राचा. जॉर्जियाने २००८ च्या ऑगस्टात तो भोगिला. पाश्चात्त्य राष्ट्रांच्या गोड शब्दांवर विसंबून तिने दक्षिण ओसेटियाच्या प्रश्नी शस्त्राचा मार्ग धरिला. रशियाची फौज पाच दिवसांत तिच्या प्रदेशात खोल शिरली, आणि मित्रांनी निषेधाची पत्रके काढिली. त्याआधी दोन वर्षे, २००६ साली, रशियाने जॉर्जिया व मोल्दोव्हा ह्या दोन्ही देशांची द्राक्षमदिरा अशुद्ध ठरवून एकदम बंद केली होती. आमच्या पत्राचा मद्यपानास विरोध जगजाहीर आहे. तथापि ज्या देशाचा शेतकरी द्राक्षावर जगतो, त्याच्या दृष्टीने ती बंदी म्हणजे पोटावर मारलेली लाथच होती. दोन्ही देशांनी त्या दिवसांत नवी गिऱ्हाइके धुंडाळली, माल सुधारला, आणि ते पुष्कळ अंशी तरले. पुढे २०१३ साली रशियाने जॉर्जियावरील बंदी उठविताच तिच्या मालाचा मोठा वाटा पुन्हा त्याच जुन्या बाजाराकडे वळला. एका गिऱ्हाइकावर दुकान चालविण्याचा मोह किती बलवत्तर असतो, हे आमच्या पेठेतील व्यापाऱ्यांस सांगावयास नको!

मध्य आशियातील राष्ट्रांकडे वळलो म्हणजे चित्र काहीसे निराळे, आणि आमच्या मते अधिक बोधप्रद, दिसते. कझाकस्तानची रशियाशी सरहद्द साडेसात हजार किलोमीटरांहून लांब आहे, व त्याच्या निर्यातीच्या तेलापैकी सुमारे चार पंचमांश अजूनही रशियातील नोव्होरोसीस्कजवळील बंदरातून जाते. २०२२ साली कधी वादळाचे, कधी न्यायालयाच्या हुकमाचे निमित्त होऊन तो मार्ग अडला. अशा स्थितीत त्या राष्ट्राने सर्व दिशांशी संबंध ठेवण्याचे धोरण चालविले: चीनकडे तेलाचा नळ नेला, पाश्चात्त्य कंपन्यांस तेलक्षेत्रांत भागी दिली, रशियाशी जकातीचा संघ केला पण त्यास राजकीय संघाचे रूप येऊ दिले नाही. २०२२ च्या जूनमध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे पुतिन ह्यांच्या शेजारी बसून अध्यक्ष तोकायेव्ह ह्यांनी डोनेत्स्क व लुहान्स्क ह्यांस मान्यता देणार नसल्याचे सांगितले. पाच महिन्यांपूर्वी देशातील बंडाळी शमविण्यास ज्याने रशियाच्या तुकड्या बोलाविल्या होत्या, त्यानेच हे म्हणावे, ह्यात धैर्य होते.

तुर्कमेनिस्तानने एका अंगणातून निघून दुसऱ्या अंगणात पाऊल टाकिले. १९९५ साली संयुक्त राष्ट्रांनी त्याची तटस्थता मान्य केली, आणि त्याने ह्या तटस्थतेचे पुतळे उभारिले. २००९ साली रशियाकडील नळ फुटला व भांडण जुंपले, तेव्हा त्याच वर्षी चीनकडील नवा नळ सुरू झाला. रशियाने २०१६ साली खरेदी थांबविली, इराणशीही पुढच्या वर्षी बिनसले, आणि काही काळ चीन हेच त्याचे जवळजवळ एकमेव मोठे गिऱ्हाईक होऊन बसले. कोणाशीच बांधील नाही असे म्हणणारे राष्ट्र एकाच खरेदीदाराशी बांधिले गेले. तटस्थता कागदावर लिहिता येते; ती जगविण्यास दोन-तीन रस्ते लागतात.

ह्या सर्वांत आम्हांस सर्वाधिक समाधान देणारी गोष्ट फारशी गाजली नाही, कारण तीत तोफ उडाली नाही. उझबेकिस्तान हे असे राष्ट्र आहे की त्याच्या सर्व शेजाऱ्यांसही मोकळा समुद्र नाही. २०१६ पर्यंत त्याने शेजाऱ्यांच्या तोंडावर दारे लावून घेतली होती. ताजिकिस्तानच्या सीमेवर सुरुंग पेरिले होते, व ताश्कंद आणि दुशान्बे ह्या दोन जवळच्या राजधान्यांत पाव शतक विमान जात नव्हते. मिर्झियोयेव्ह सत्तेवर येताच हे धोरण बदलले. २०१७ साली विमान सुरू झाले, पुढील वर्षी परवान्याची अट गेली, सुरुंग निघू लागले, सीमेपलीकडील सोयरे एकमेकांच्या लग्नकार्यास जाऊ लागले. तसेच किर्गिझस्तान व ताजिकिस्तान ह्यांचे. २०२१ साली पाटाच्या पाण्याच्या एका केंद्रावरून त्यांची हातघाई झाली, २०२२ साली शंभराहून अधिक माणसे मेली. तरीही २०२५ च्या १३ मार्च रोजी त्यांनी आपल्या सर्व सीमेचा करार केला, आणि त्याच महिनाअखेर तिन्ही देशांच्या अध्यक्षांनी खोजेंद येथे तिन्ही सीमा जेथे मिळतात त्या बिंदूवर सहमती केली. कोणा महासत्तेने ही पंचायत केली नाही. धाकट्या भावांनी आपसात बसून बांध ठरविला. थोरल्याचे वर्चस्व धाकट्यांच्या भांडणावर पोसले जाते. ते भांडण मिटले की त्याचा निम्मा धाक आपोआप ओसरतो.

ह्या सर्व इतिहासावरून आम्ही तीन गोष्टी वाचकांपुढे मांडितो. पहिली, स्वातंत्र्य टिकविण्यास एकाहून अधिक रस्ते व एकाहून अधिक गिऱ्हाइके हवीत, आणि ती संकट येण्यापूर्वी, थोडा तोटा सोसूनही, जोडावी लागतात. दुसरी, दूरच्या मित्राच्या शब्दापेक्षा जवळच्या शेजाऱ्याशी केलेला कडू तोडगा अधिक टिकाऊ असतो. तिसरी, आणि आमच्या मते सर्वांची जननी, ही की, ज्या राज्यकर्त्यास आपल्या प्रजेची भीती वाटते तो परकीयांपुढे ताठ उभा राहू शकत नाही. ज्याचे न्यायालय विकत मिळते, ज्याचे वर्तमानपत्र मुके आहे, ज्याच्या तरुणांस पोटासाठी परमुलखात मजुरी शोधावी लागते, त्याचे परराष्ट्रीय धोरण त्याच्या दरबारात ठरत नाही. ताजिकिस्तानात कित्येक वर्षे राष्ट्रीय उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा पैसा परदेशांतील मजुरांच्या, मुख्यतः रशियातील मजुरांच्या, घामातून येत असे. अशा राष्ट्राने मॉस्कोस 'नाही' म्हणावे तरी कोणत्या तोंडाने? सुधारणा ही घरची बाब, परराष्ट्रीय कारभार ही दारची बाब, असा भेद करणाऱ्यांस ह्या पंधरा राष्ट्रांचा इतिहास वाचावयास द्यावा. घर पोकळ असले म्हणजे दारावरचा पहारेकरी शेजाऱ्याच्या पगारी जातो.

आता आपल्या कर्तव्याविषयी दोन शब्द. २००० साली भारत, रशिया व इराण ह्यांनी मुंबईहून इराणमार्गे उत्तरेकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गाचा करार केला. २०२४ साली चाबहार बंदराच्या व्यवस्थेसाठी भारताने इराणशी दहा वर्षांचा करार केला. २०२२ च्या जानेवारीत मध्य आशियातील पाच राष्ट्रांच्या अध्यक्षांशी आपल्या पंतप्रधानांची पहिली परिषद झाली. ही पावले योग्य दिशेची आहेत, पण त्यांची गती बैलगाडीची आहे. समुद्र नसलेल्या त्या राष्ट्रांस आमच्या किनाऱ्याकडे येणारा एक रस्ता मिळाला, तर तो त्यांच्या स्वातंत्र्यास शंभर भाषणांहून अधिक उपयोगी पडेल, आणि आमच्या औषधांच्या, कापडाच्या व यंत्रांच्या व्यापाऱ्यांसही नवी पेठ उघडेल. त्याचबरोबर आम्हांस हेही स्पष्ट म्हटले पाहिजे की, रशियाशी आपली जुनी मैत्री आहे, शस्त्रे व तेल ह्यांची गरज आहे, म्हणून आपले प्रतिनिधी २०२२ च्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मत न देता बसले, ह्याची कारणे आम्ही समजू शकतो. पण जे राष्ट्र स्वतः दीडशे वर्षे दुसऱ्याच्या 'हितसंबंधांच्या प्रदेशा'त मोडत होते, त्याने दुसऱ्या कोणाही राष्ट्रास कोणाचे अंगण मानू नये. मित्राच्या घरी जेवावे, पण मित्राने शेजाऱ्याचा बांध कोरिला तर त्यास तो बांध आहे एवढे तरी सांगावे.

बेलोवेझच्या अरण्यातील त्या सह्यांस तीन दशकांहून अधिक काळ लोटला. वाटणीपत्र एका दिवसात झाले; वहिवाटीचा दावा अजून चालू आहे, आणि त्यात माणसांचे रक्त सांडले आहे. हा दावा न्यायाने मिटावा अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांनी लहान राष्ट्रांस शौर्याचे पोवाडे पाठविण्यापेक्षा त्यांच्या दाराशी दुसरा रस्ता काढून द्यावा. आणि त्या राष्ट्रांनीही आपल्या घरात न्याय, शिक्षण व मोकळे मत ह्यांचा पाया भरावा. रस्ता व पाया ही दोन्ही जेथे आहेत तेथे झेंडा आपल्या बळावर उभा राहतो, मग शेजारी कितीही मोठा असो.